आधी शेती की आधी वस्ती?

प्रश्न : शेतीचा शोध लागल्यामुळे भटका शिकारी माणूस एका जागी स्थिरावला, असे आम्ही शाळेत शिकलो. हा क्रम बरोबर आहे का?

उत्तर : पश्चिम आशियात तरी पुरावा उलटा क्रम दाखवतो. आजच्या इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे सुमारे १४,००० वर्षांपूर्वी नाटुफियन नावाच्या प्राचीन संस्कृतीचे लोक जमिनीत अर्धवट खोदलेल्या, दगडी पायाच्या गोल घरांत राहत होते, आणि तरीही ते हरणांची शिकार करत व रानातले धान्य गोळा करत. शेतीला अजून अवकाश होता.

खरा बदल गव्हाच्या ओंबीत पाहावा. रानटी गव्हाची ओंबी पिकताच तुटते आणि दाणे मातीत विखुरतात. एखाद्या ताटाची ओंबी मात्र न तुटता टिकून राहते. कापणीत तिचेच दाणे जास्त हाती लागतात आणि तेच पुन्हा पेरले जातात. कोणी मुद्दाम न ठरवता, हजारो वर्षांत, माणसाविना वाढू न शकणारे पीक असे घडले, ही गोष्ट मला कोणत्याही राजवाड्याहून विलक्षण वाटते.

नगरे फार पुढची. इराकमधील उरुक इ.स.पू. ३३००च्या सुमारास भरभराटीला आले, आणि तिथल्या मातीच्या पाट्यांवरील आरंभीच्या नोंदी बहुतांशी धान्य, जनावरे आणि शिधा यांच्या हिशेबाच्या आहेत.