माळा घ्या, पण कार्डावर नको

डोंबिवलीहून एका वाचकांनी विचारलंय: घरातल्या जुन्या बारीक बल्बांच्या दहा माळा काढून 3,600 रुपयांच्या एलईडी माळा घेतल्या, तर वीजबिलात किती वाचेल? खरेदी क्रेडिट कार्डावर करणार आहेत. ओघात लिहिलंय, "कार्डावर 78,000 बाकी आहे, पण महिन्याला 4,000 भरतो, मिनिमम एकदाही चुकवलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात विम्याचा 60,000चा हप्ता कार्डावर भरला तेव्हापासूनची ही बाकी. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली 1,20,000ची एफडी मात्र मोडायची नाही."

आधी माळा. जुनी शंभर बल्बांची माळ साधारण 40 वॅट खाते, एलईडीची 5. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत 18 दिवस, रोज सहा तास धरा. जुन्या दहा माळांना 43 युनिट लागतात, नव्यांना साडेपाच. युनिटला सगळे आकार धरून 15 रुपये लावले तरी बचत साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे 3,600 वसूल व्हायला सहा दिवाळ्या, आणि गच्चीवर उन्हापावसात लटकलेली माळ तेवढी टिकत नाही. एलईडी घ्यावी ती सुरक्षिततेसाठी: जुने बल्ब तापतात, कागदी कंदिलाला आणि पडद्याला ते चिकटलेले नकोत. ज्या माळा खराब झाल्यात त्याच बदला, बीआयएसची (सरकारी दर्जाची) खूण बघून. कंदिलातला 60 वॅटचा बल्ब मात्र आजच काढून 9 वॅटचा एलईडी लावा, त्याचे पैसे दोनेक दिवाळ्यांत सुटतात.

आता कार्ड. साडेतीन टक्के महिना म्हणजे 78,000वर 2,730 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 3,200. तुम्ही 4,000 भरता, त्यातले जेमतेम 800 मुद्दलात जातात. मिनिमम भरल्याने लेट फी टळते, व्याज थांबत नाही. शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. माळांच्या 3,600वर पहिल्या दिवसापासून महिन्याला दीडशे रुपये चढतील. चार महिन्यांत तुमची अख्ख्या दिवाळीची वीजबचत गेली.

ज्यासाठी हे कर्ज झालं ती पॉलिसी बँकेत "एफडीसारखीच, बारा टक्के सुटतील" असं सांगून गळ्यात मारली आहे. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात बारा वर्षं 60,000 भरून विसाव्या वर्षी 14 लाख मिळतात. भरलेल्याच्या जवळपास दुप्पट, म्हणून आकडा मोठा वाटतो. पण वर्षं मोजली की परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आत. बारा टक्के त्या कागदावर कुठेही लिहिलेले नाहीत. आणि विमा फक्त सहा लाखांचा! तुमचं काही बरंवाईट झालं तर बायको-मुलीला त्यात किती दिवस काढता येतील? मला या पत्रातली सगळ्यात मोठी काळजी हीच वाटते.

एफडी मोडा. मुलीसाठी ठेवलीय म्हणून हात लावायला जीव होत नाही, हे समजतं. पण त्यातले 78,000 वर्षाला साधारण पाच हजार कमावतात आणि तेवढ्याच रकमेवर कार्ड 38,000 नेतं. मुलीचेच पैसे चाललेत. टक्काभर व्याज कापलं जाईल, जाऊ द्या. बाकी एकरकमी शून्य करा, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल तेही पूर्ण भरा.

तिसरा हप्ता भरू नका. ऑटो-डेबिट लावलं असेल तर तारखेआधी बंद करा. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर मुदतीअखेर किती. भरलेल्या 1,20,000मधला मोठा भाग परत येणार नाही. तो वाचवायला आणखी सहा लाख ओतायचे नाहीत. पण ही पॉलिसी सोडण्याआधी एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या आणि तो सुरू झाल्याचं पत्र हातात येऊ द्या.

कार्डाचे 4,000 आणि हप्त्याचे महिन्याला पडणारे 5,000 असे 9,000 मोकळे होतील. टर्मचा हप्ता त्यातून भरूनही मुलीची एफडी पुढच्या दिवाळीच्या आत पुन्हा 1,20,000 होते. या वर्षी दोन-तीन माळा बदला, रोख पैसे देऊन.