नावात स्पेस आली की स्क्रिप्ट अडते

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलंय, फोटोंचा बॅकअप घ्यायला फॉर लूप (एकेक फाइल घेत जाणारा) आणि सीपी (कॉपी करायची कमांड) वापरून पहिलीच स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाइल, लिहिली. काही फोटो कॉपी होतात, काहींना 'नो सच फाइल' येतं, पण फाइल तर समोर दिसतेय! काय चुकतंय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, जे फोटो अडतायत त्यांची नावं बघा, नावात स्पेस असणार. समजा फाइलचं नाव 'पर्वती सकाळ.जेपीजी' आहे आणि तुम्ही सीपीला नुसतं डॉलर एफ (लूपमधल्या फाइलचं नाव धरणारं व्हेरिएबल) दिलंत, तर शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, स्पेसपाशी नाव तोडतो, मग सीपी आधी 'पर्वती' नावाची फाइल शोधतो आणि मग 'सकाळ.जेपीजी', आणि दोन्ही नसतात. ही सवय 1979च्या बोर्न शेलपासूनची आहे, उबुंटूतला नेहमीचा शेल बॅश, त्यानेही तीच घेतली.

डॉलर एफच्या दोन्ही बाजूंना डबल कोट टाका, काम झालं. सिंगल कोट नको हं, त्यात व्हेरिएबलमधलं नाव येतच नाही, डॉलर एफ तसंच्या तसं जातं. आणि लूपमध्ये एलएसचं (फाइलींची यादी देणारी कमांड) आउटपुट घेतलं असेल तर ते काढून सरळ स्टार डॉट जेपीजी (म्हणजे सगळ्या जेपीजी फाइली) लिहा, नाहीतर नाव तिथेच तुटेल.

एरर आली की अंदाज लावत बसू नका, स्क्रिप्ट बॅश मायनस एक्सने चालवा, प्रत्येक कमांड चालण्याआधी स्क्रीनवर दिसते, नाव अखंड गेलं असेल तर त्याभोवती कोट दिसतात. स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेकही टाकून घ्या, फुकट आहे आणि नवशिक्यांना मी तर आग्रहच करतो, हा राहिलेला कोट ते लगेच दाखवतं.