गीजर की गिझर, आणि नातवाचा बाथरूममधला ज्वालामुखी

सुदामा नगरातल्या एका ताईंनी विचारलंय की आम्ही इंदूरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘गीजर’ म्हणतो, सून साताऱ्याची आहे, ती ‘गिझर’ म्हणते आणि तसंच लिहिते, तर बरोबर कोणतं, आणि याला आपला मराठी शब्द आहे की नाही. वर नातवानं भर घातलीय, त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीच्या धड्यात हाच शब्द आला आणि त्यानं विचारलं, आजी आपल्या बाथरूममध्ये ज्वालामुखी आहे का? ताई म्हणतात त्याला काय सांगू ते कळेना.

ताई, त्याला सांगा की हो, आहे. पण तो समजतो त्या जागी नाही, थोडा खाली आहे. त्याकडे येतोच, आधी शब्दाचं बघू.

उच्चाराचं भांडण तर मिटण्यासारखंच आहे. मूळ इंग्रजीत जो ‘झेड’चा आवाज आहे तो हिंदीत नुक्ता, म्हणजे अक्षराखाली टिंब, देऊन ज़ लिहितात, आणि आपल्याकडे दुकानाच्या पाट्यांवर नुक्ता कोणी घालत नाही म्हणून ‘गीजर’ झालं. मराठीत मात्र ज दोन प्रकारचा आहे, जग आणि जेवणातला वेगळा आणि जरा, जास्त, बाजारमधला वेगळा. बाजार हा फारसी शब्द, त्यातला झेड आपण दाताजवळच्या ज नं म्हणतो आणि कोणाला खटकत नाही. तेव्हा तुम्ही ‘गीजर’ बाजारमधल्या ज नं म्हणत असाल तर ते अस्सल मराठी वळणाचंच आहे, आणि सूनबाई झाडातल्या झ नं ‘गिझर’ म्हणते तेही मराठीच. फक्त जग-जेवणवाल्या ज नं ‘गीजर’ म्हटलं तर ते इंदूरच्या हिंदीतून आलंय एवढं ओळखावं, त्यातही मला काही वाईट दिसत नाही, आपण इथे ‘येऊन राहिलो, जाऊन राहिलो’ म्हणतो ते काय कमी मराठी आहे का. लिहिताना मी ‘गिझर’ लिहितो कारण महाराष्ट्रातल्या छापील मजकुरात तेच जास्त दिसतं.

आता खरी मजा पुढे आहे. गिझर हे मुळात यंत्राचं नाव नाही, एका जागेचं नाव आहे. आइसलँडमध्ये हौकादालूर नावाचं एक खोरं आहे, तिथे जमिनीतून उकळतं पाणी उसळी मारून वर येतं, त्या एका विशिष्ट झऱ्याचं नाव गेय्सिर. त्यांच्या भाषेत ‘गेय्सा’ म्हणजे उसळून वाहणं, भळाभळा बाहेर येणं. युरोपातल्या लोकांनी पाहिलेला असा पहिलाच झरा म्हणून त्याचं विशेषनाम सगळ्या जातीलाच लागलं, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. मग १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन या माणसानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं गीझर. नळ सोडला की गरम पाणी भसकन येतं, म्हणून. इंग्रजांबरोबर ते नाव हिंदुस्थानात आलं आणि आपल्याकडे असं रुजलं की इकडे कोणाला वॉटर हीटर म्हणावंसं वाटत नाही.

आणि याच्याही मागे जाता येतं. भाषांच्या मुळांचा अभ्यास करणारे या ‘गेय्सा’चं मूळ ‘ओतणे’ अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी नेऊन जोडतात, आणि त्याच धातूपासून संस्कृतातला ‘हु’ आला, म्हणजे होम, हवन, आहुती, हवी हे सगळे. अग्नीत तूप ओतायचं ते हवन आणि जमिनीनं गरम पाणी ओतायचं ते गेय्सिर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री अकरा वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं, इतका आनंद झाला होता. म्हणून कोणी म्हणालं की गिझर हा परका शब्द, हाकला त्याला, तर माझं मन होत नाही, लांबचा का होईना भाऊबंद आहे.

आपला शब्द म्हणाल तर यंत्रासाठी आपल्याकडे बंब होताच की. रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, मधोमध उभी नळी, तिच्यात खाली कोळसे, वर चिपाडं आणि गोवरीचा तुकडा, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. आजी दिवाळीच्या आधी चिंच-मीठ लावून तो असा घासायची की त्यात आपलं लांबुळकं तोंड दिसायचं. बाजूच्या तोटीखाली बादली लावायची, आणि जितकं गरम काढलं तितकं गार वरून ओतायचं हा नियम, तो मोडला की मागून आंघोळीला येणारा ओरडायचा. आता हा बंबही पूर्ण देशी नाही, पोर्तुगीज ‘बोम्बा’ म्हणजे पंप, त्याच्याशी त्याचं नातं जोडतात, आगीचा बंब म्हणतो त्यात तो पंपाचा अर्थ अजून शिल्लक आहे. पण विजेच्या टाकीला आज कोणी बंब म्हणणार नाही आणि म्हणूही नये, ज्यात विस्तव नाही तो बंब कसला.

पण धड्यात जो निसर्गातला गिझर आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द पडून आहे आणि तो लोक विसरत चाललेत याचं मला खरंच वाईट वाटतं. उन्हाळं! अनेकवचन उन्हाळी. म्हणजे ऊन पाण्याचा झरा. ऊन ऊन भात म्हणतो ना आपण, ते ऊन, संस्कृत उष्ण पासून आलेलं, कोकणात राजापूरजवळ गरम पाण्याचा झरा आहे त्या गावाचं नावच उन्हाळे, दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे, इकडे खानदेशात चोपड्याकडे उनपदेव. सगळ्या नावांत तेच ऊन बसलंय. नकाशात ‘उन’ नं सुरू होणारं गाव दिसलं की मी आधी तिथे गरम झरा आहे का ते बघतो, दर वेळी निघत नाही पण निघाला की बरं वाटतं. साधा झरा असेल तर उन्हाळं म्हणावं, आणि जो थांबून थांबून कारंज्यासारखा उडतो त्याला मी ‘उसळतं उन्हाळं’ म्हणतो. शाळेच्या पुस्तकात ‘गायझर’ असलं तरी हरकत नाही, पण नातवाला उसळतं उन्हाळं म्हटलं की समजावून सांगायची गरजच पडत नाही.

एक मात्र नीट सांगा त्याला, नाहीतर गल्लत होते. आपल्या कोकणातली उन्हाळी ज्वालामुखीची नाहीत. तिथे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, खोल गेलं की जमीन आपोआप गरम असतेच, तिथून तापून ते परत वर येतं. आइसलँडचं वेगळं, तिथे वितळलेला खडक फार खाली नाही. आणि उसळायला नुसती उष्णता पुरत नाही, पाण्याची नळी लांब आणि मध्ये कुठेतरी अरुंद लागते. खालच्या पाण्यावर वरच्या सगळ्या पाण्याचा दाब, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आपल्या कुकरमध्ये होतं तसंच. मग थोडी वाफ होऊन वरचं थोडंसं पाणी सांडतं, दाब एकदम उतरतो, खालच्या पाण्यातलं काही एका क्षणात वाफ होतं आणि बाकीच्या पाण्याला घेऊन वर झेपावतं. कुकरचं झाकण शिट्टी न काढता उघडलं तर काय होईल ते तुम्हाला ठाऊक आहे, जमीन तेच करते. हे पहिल्यांदा नीट मोजून सांगितलं बुन्सेननं, शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याचा बर्नर असतो तोच, तो १८४६ मध्ये आइसलँडला गेला आणि त्या नळीत खोलवर तापमान मोजत बसला. गेय्सिर स्वतः आता बहुतेक वेळ गप्प असतो, त्याच्या शेजारचा स्ट्रोक्कूर दर काही मिनिटांनी उडतो. पूर्वी लोक गेय्सिर उडावा म्हणून त्यात चक्क साबण टाकायचे आणि तो उडायचाही, पुढे ते बंद केलं.

आता ज्या देशानं आपल्याला हा शब्द दिला, तिथे घरात गरम पाणी येतं ते जमिनीतूनच. दहातल्या नऊ घरांची ऊब आणि आंघोळीचं पाणी भूगर्भातलं. राजधानीचं नाव रेक्याविक, त्याचा अर्थ धुराची खाडी, आणि तो धूर म्हणजे गरम झऱ्यांची वाफ. शहरातल्या मोठ्या रस्त्याचं नाव लौगावेगूर, म्हणजे झऱ्यांची वाट, बायका धुण्याची बोचकी घेऊन त्या वाटेनं गरम झऱ्यांवर जायच्या. १९३० मध्ये तिथूनच नळ टाकून एक शाळा, इस्पितळ आणि साठ-सत्तर घरं गरम करायला सुरुवात झाली. इटलीत लार्देरेल्लोला तर १९०४ मध्येच जमिनीतल्या वाफेवर वीज करून दिवे लावून दाखवले होते.

पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते आइसलँडच्याच हेइमाए बेटाचं. जानेवारी १९७३ मध्ये रात्री गावाच्या कडेलाच जमीन फाटली, पाच हजारांवर माणसं त्याच रात्री बोटींनी बाहेर काढली, शेकडो घरं राख आणि लाव्ह्याखाली गेली. लाव्हा बंदराचं तोंड बंद करायला निघाला, आणि बंदर गेलं की मासेमारी गेली, म्हणजे गावच गेलं, तर त्यांनी समुद्राचं पाणी पंपांनी त्या लाव्ह्यावर मारलं, महिनोन्‌महिने, तो गोठवत राहिले आणि बंदर वाचवलं. नंतर लोक परत आले तर वरून गार झालेला लाव्हा आतून धगधगतच होता, मग त्यांनी त्यातच पाणी सोडून, ती वाफ वापरून घरं गरम केली, पुढची दहाहून जास्त वर्षं. विस्तव मध्ये आणि पाणी भोवती, बंबच झाला की नाही तो! ज्यानं घरं गिळली त्याच्यावरच पाणी तापवलं त्या लोकांनी.

आता नातवाच्या प्रश्नावर. आपल्या माळव्याखाली असा विस्तव नाही, पण होता. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर, टोकदार डोंगर नाही, नुसते पसरट थर, आज उरलेत तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत. त्यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात आणि ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का, स्वीडिश ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना, डोंगरांच्या पायऱ्या दिसतात म्हणून. इंदूर त्याच जिन्यावर बसलंय. तो खडक म्हणजे बसाल्ट, पुस्तकी मराठीत असिताश्म, आपल्या तोंडी काळा पत्थर. तो फुटून-कुजून जी माती झाली ती आपली काळी माती, पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते म्हणून थंडीत गहू पिकतो, ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची म्हण उभी आहे ती या लाव्ह्यावर. रस्त्याला घालतो ती गिट्टीही तोच खडक, महाराष्ट्रात तिला खडी म्हणतात. पाटा-वरवंटाही त्याचाच. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी बाई गल्लीत हाक मारत यायची, छिन्नीनं टिचटिच करत बारीक खड्डे पाडायची, आणि त्यानंतरची पहिली चटणी आजी टाकून द्यायची, कच येते म्हणून.

आणि बाथरूममध्ये, ताई, तुमचं घर जुनं असेल तर कोपऱ्यात धुण्याचा काळा दगड असेल बघा. आमच्या न्हाणीतला तो अजून आहे. त्यावर कपडे आपटून मधला भाग गुळगुळीत झालाय पण कडेला बारीक बारीक छिद्रं दिसतात, काहींत पांढरे खडे अडकलेत. ती छिद्रं म्हणजे वाहत्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, तो थिजला तेव्हा जागच्या जागी राहून गेले, आणि पांढरं ते नंतर पाण्यानं आत आणून भरलेलं. नातवाचं बोट त्या छिद्रावर ठेवा आणि सांगा की हा बघ ज्वालामुखी.

तिथेच टाच घासायची वजरी पण असेल, हिंदीत झाँवा. ती दोन तऱ्हेची मिळते, एक भाजलेल्या मातीची आणि एक खऱ्या प्यूमिसची, प्यूमिस म्हणजे लाव्ह्याचा फेसच थिजलेला, इतका पोकळ की पाण्यात तरंगतो. नातवाला म्हणावं बादली भर आणि टाक तिच्यात. तरंगली तर ज्वालामुखीची, बुडली तर मातीची. कोणती निघाली ते मला जरूर कळवा.