अर्धी जोडलेली गाडी आणि ब्रिटनचा हिवाळा

‘सुरुवात मी नेहमी जोरात करतो, पण काही महिन्यांनी हुरूप ओसरतो आणि हातातले काम अर्धवट राहते, माझ्यात चिकाटीच नाही का?’ ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते. कुणाचा प्रबंध रखडलेला असतो, तर कुणी हौसेने भारतातून आणलेली हार्मोनियम खोलीच्या कोपऱ्यात बंद पडून असते. उत्तरादाखल मी येथे एका गाडीची हकिगत निवडली आहे, कारण हुरूप नेमका कशामुळे आटतो याचे निरनिराळे धागे तिच्यात स्पष्टपणे सुटे करून पाहता आले. संबंधित गृहस्थांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती लिहीत आहे.

हे गृहस्थ चाळिशीतले, पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेले आणि बरीच वर्षे कॉव्हेंट्रीजवळ राहणारे. ते वाहन उद्योगातच सॉफ्टवेअरचे काम करतात. वडील पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे पाना, कानस आणि ग्रीसचा वास लहानपणापासून ओळखीचा. स्वतःचे काम मात्र दिवसभर पडद्यासमोरचे. आपल्या हातांनी एक गाडी उभी करावी ही त्यांची जुनी इच्छा होती आणि घराला जोडून एका गाडीचे गॅरेज मिळाल्यावर त्यांनी ती मनावर घेतली.

अशा गाड्यांना तिकडे किट कार म्हणतात आणि त्यांची परंपरा जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही हलकी, उघडी, दोन आसनांची गाडी आणली. त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागत असे आणि सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीवर तो लागत नसे, म्हणून अनेकांनी ती घरीच जोडली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपली, सेव्हनचे हक्कही केटरहॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेले. हौस मात्र टिकून राहिली. आज बरेच जण जुन्या माझदा एमएक्स-५ मधले इंजिन आणि गिअरबॉक्स काढून नळ्यांच्या नव्या सांगाड्यात बसवतात, आणि आमच्या या गृहस्थांनीही तेच केले होते. पूर्ण झालेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी आयव्हीए नावाची सरकारी तपासणी पार करावी लागते. तिच्यात ब्रेक, सीटबेल्टचे आधार, धूर आणि आवाज यांबरोबर, माणसाला लागू शकतील अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर आहे की नाही, इथपर्यंत बारकाईने पाहिले जाते.

ते माझ्याकडे आले तेव्हा जानेवारी सुरू होता. मे महिन्यात सांगाडा घरी आला होता, उन्हाळ्यात सस्पेन्शन आणि इंजिन बसले होते, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे गेल्यापासून गाडीला हात लागलेला नव्हता. “मला बहुधा गाडी नकोच आहे, मला फक्त सुरुवात करायला आवडते,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली. त्यांच्या घरातला मोठा फ्रीझर गॅरेजमध्ये आहे. हल्ली मटाराची पिशवी आणायची झाली तरी ते स्वतः न जाता मुलीला पाठवत होते.

ज्याला एखाद्या गोष्टीत रस उरलेला नसतो, तो तिच्याजवळून बिनदिक्कत जातो. दार उघडायलाच नको वाटते तेव्हा मन उदासीन नसते, ते काहीतरी टाळत असते, आणि काय टाळते आहे हे आधी शोधावे लागते. म्हणून ‘चिकाटी कशी वाढवायची’ या त्यांच्या प्रश्नाला मी लगेच हात घातला नाही.

सर्वप्रथम प्रकृतीचा विचार केला. कॉव्हेंट्रीत डिसेंबरच्या मध्यावर सूर्य चारच्या आतच मावळतो आणि सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो; पुण्यात त्याच सुमारास दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. सकाळी अंधारात निघून अंधारातच परतणाऱ्या माणसाला आठवडाभर ऊन दिसत नाही. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले, आणि त्यात झोप वाढणे, गोड व पिष्टमय खाण्याची ओढ लागणे, माणसांत मिसळणे नकोसे होणे अशी लक्षणे आढळतात. मी त्यांना आपल्या जीपींना, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, भेटायला सांगितले, कारण हे निदान समुपदेशकाने अंदाजाने करू नये. डॉक्टरांना नैराश्याचा आजार आढळला नाही. रोज दुपारी बाहेर चालणे आणि ड जीवनसत्त्वाची गोळी एवढेच त्यांनी सुचवले. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार सर्वांनीच करावा, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी तो वर्षभर करावा, असा सरकारी सल्ला आहे, आणि आपली मंडळी त्याकडे फार दुर्लक्ष करतात. वर सांगितलेली लक्षणे दर हिवाळ्यात येत असतील, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर इच्छाशक्तीची परीक्षा पाहत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

यानंतर आम्ही कामाकडे वळलो, आणि तिथे मला एक योगायोग दिसला. उन्हाळ्यातले प्रत्येक काम डोळ्यांना दिसणारे होते: चाके लागली, इंजिन बसले, शेजारी कौतुकाने डोकावून गेले. पुढचा टप्पा ब्रेकच्या नळ्या वाकवण्याचा, त्या सांगाड्याला क्लिपांनी बांधण्याचा आणि वायरिंगचा होता. हे काम कितीही केले तरी दारातून पाहणाऱ्याला गाडी कालच्यासारखीच दिसते. ध्येय जवळ येईल तशी धाव वेगवान होते, असे मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली उंदरांच्या अभ्यासावरून मांडले होते. त्याचीच दुसरी बाजू अशी की मधल्या पल्ल्यात, आरंभ मागे पडलेला आणि शेवट नजरेत नसताना, ओढ सर्वांत कमी असते. या गृहस्थांच्या बाबतीत न दिसणारे काम, कमी झालेला उजेड आणि थंडगार काँक्रीटची जमीन हे सारे एकाच महिन्यात आले, आणि त्यांनी त्या सगळ्याचा अर्थ ‘माझ्यात चिकाटीच नाही’ असा एका वाक्यात लावला. परिस्थितीचा निष्कर्ष स्वभावावर काढण्याची ही सवय हुशार माणसांत मला फार दिसते आणि तिने होणारे नुकसान पाहून वाईट वाटते.

खरा अडसर या निष्कर्षाचा होता. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर वडील विचारत, “काय रे, गाडी कुठवर आली?” आणि ते “चाललंय” म्हणून विषय बदलत. पत्नीने एकदा फक्त “आज जाणार आहेस का गॅरेजमध्ये?” असे विचारले, तर त्यांनी आवाज चढवला. पैसे दोघांच्या बचतीतून गेले होते, त्यामुळे साधा प्रश्नही त्यांना हिशेब मागितल्यासारखा वाटे. एक दिवस गेले नाही की अपराधीपण येई, अपराधीपणामुळे दार नकोसे होई, आणि ते भरून काढण्यासाठी ‘येत्या शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा’ असा बेत आखला जाई. चार-पाच अंशांच्या थंडीत नऊ तास उभे राहण्याचा बेत कुणाकडूनही पार पडला नसता. तो मोडला की निष्कर्ष आणखी घट्ट होई.

मी त्यांना सांगितले की हुरूप आला की काम करू, हा क्रम उलटा करून पाहू. नैराश्याच्या उपचारांत बिहेव्हिअरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची पद्धत आहे. तिच्यात मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता आधी ठरावीक छोटी कृती केली जाते. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात केवळ कृतीवर भर देणारा हा भाग संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकाच, म्हणजे विचारांची घडण बदलण्यावरही भर देणाऱ्या उपचाराइतकाच, उपयोगी ठरला होता. आजार नसलेल्या माणसालाही हे तत्त्व लागू पडते, असा माझा अनुभव आहे. पण पहिली कृती कोणती आणि ती किती लहान असावी, यावर सारे अवलंबून असते, आणि ते उत्तर माझ्याकडून नव्हे तर त्यांच्या वडिलांकडून आले.

वडिलांना खरे काय ते सांगावे, असे मी सुचवले होते. बऱ्याच टाळाटाळीनंतर त्यांनी सांगितले. वडील रागावले नाहीत. “अरे, तू रोज बेंच शोधण्यापासून सुरुवात करतोस म्हणून कंटाळतोस,” ते म्हणाले. “आमच्याकडे पाळी संपायच्या आधी दहा मिनिटं हात थांबवायचे. पुढच्या पाळीच्या माणसाला जे लागणार ते काढून बेंचवर लावायचं आणि वहीत लिहायचं, कुठवर झालं, आता काय करायचं. तो आला की पाना उचलायचा, विचार करत बसायचं नाही.” पुढच्या पाळीचा माणूस म्हणजे पुढच्या खेपेला येणारे आपणच, हे या गृहस्थांच्या लगेच लक्षात आले. मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी मांडलेले ‘जर-तर’ स्वरूपाचे संकल्प याच्याशी अगदी जुळतात: ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असे आधीच ठरलेले असले की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. टूलरूममधल्या माणसांना ते पाठांतराने नव्हे, सरावाने ठाऊक होते.

त्यांनी वही घातली. तिच्यातली पहिली नोंद त्यांनी मला दाखवली होती: ‘मागच्या डाव्या चाकाची ब्रेक नळी, दोन क्लिपा, छिद्रे आधीच पाडली आहेत, रिव्हेट आणि गन निळ्या डब्यात.’ मंगळवार आणि गुरुवार, मुलगी पोहायला गेली की, पाऊण तास. शनिवारच्या नऊ तासांवर मी चक्क बंदी घातली. पाऊण तास संपला आणि उत्साह असला तरी थांबायचे आणि पुढची पाळी लावायची, हा नियम त्यांना सर्वांत जड गेला, परंतु काम ऐन रंगात असताना थांबलेला माणूस परत येतो, थकून थांबलेला सहसा येत नाही.

हिवाळ्याची कामेही आम्ही वेगळी केली, म्हणजे यादी त्यांनी केली आणि मी फक्त विचारत राहिले की हे थंडीतच करायला हवे का. फायबरग्लासचे रेझिन आणि बरेच चिकटद्रव थंडीत नीट घट्ट होत नाहीत, तेव्हा ती कामे एप्रिलवर गेली. वायरिंग मात्र घरात आले. जेवणाच्या टेबलावर प्लायवूडचा मोठा तुकडा ठेवून त्यावर गाडीचा आराखडा काढला आणि खिळ्यांच्या आधाराने वायरींचे जाळे पसरले. डॅशबोर्ड आणि काढून आणलेली ब्रेक कॅलिपरही आत आली. वायरिंगचा नकाशा रविवारी वडिलांना पडद्यावर दाखवला जाऊ लागला. त्यांना मोटारीच्या वायरिंगचे फारसे ज्ञान नव्हते, पण प्रत्येक जोड ओढून पाहिलास का, हे ते न चुकता विचारत. पत्नीने टेबलाची एक बाजू दोन महिन्यांसाठी मोकळी करून दिली आणि तारीख ठरवून घेतली, हे मला फार योग्य वाटले. तिच्या प्रश्नातला ‘हिशेब’ त्या ठरावाने संपला.

गॅरेजसाठी गॅसचा हीटर घ्यावा का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना जाणकाराचा सल्ला घ्यायला सांगितले. बंद जागेत जळणाऱ्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि ज्वलनातून निघणारी वाफ थंड पोलादावर दव होऊन बसते व गंज धरवते. शेवटी त्यांनी प्रखर एलईडी दिवे, पायाखाली जाड रबरी चटई आणि विजेचा छोटा हीटर एवढेच घेतले. त्यांच्या मते सर्वांत मोठा फरक दिव्यांनी पडला.

फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा दोन आठवडे खाडा झाला. मुलीला ताप होता, कार्यालयात ताण होता. या वेळी वहीत त्यांनी कारण लिहिले, स्वतःविषयी शेरा लिहिला नाही, आणि परत गेले तेव्हा बेंच लावलेलेच होते. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रक्रियेतली प्रगती ही होती. गाडीची प्रगती तिच्या मागून आली.

गाडी विकून टाकावी का, हा प्रश्नही आम्ही टाळला नाही. हौसेचे काम सोडून देण्यात कमीपणा नाही, आणि एखाद्याला ते मनापासून सोडायचे असेल तर मी त्याला अडवत नाही. फक्त तो निर्णय जानेवारीतल्या संध्याकाळी, थकलेल्या मनाने आणि लाजेपोटी घेऊ नये, एवढा माझा आग्रह असतो. त्यांनी तो एप्रिलवर ढकलला. एप्रिलमध्ये पती-पत्नी दोघांनी मिळून उरलेला खर्च आणि कामे कागदावर मांडली, आयव्हीएसाठी मनात धरलेली तारीख एका वर्षाने पुढे नेली, आणि गाडी पूर्ण करायची असे ठरवले. पुढच्या हिवाळ्यासाठी आसनांचे शिवणकाम आणि कडांना रबर लावण्याचे काम त्यांनी आतापासूनच राखून ठेवले आहे.