आठ अफवांची बेरीज

‘बाई, आमच्या पुस्तकात युरोपातलं प्रबोधन पंधराव्या-सोळाव्या शतकात येऊन जातं. पुढे अठराव्या शतकातल्या विचारवंतांनाही कुणीकुणी प्रबोधनाचेच म्हणतं. हे एकच की दोन?’
— बारावीची एक विद्यार्थिनी

दोन. घोळ तुझा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे. पहिलं म्हणजे रेनेसाँस: इटलीतून सुरू झालेलं, जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ आणि चित्र-शिल्पांत रमलेलं. दुसरं म्हणजे एनलायटनमेंट. त्याला मी ज्ञानोदय म्हणते, म्हणजे फळ्यावर दोन्हींची गल्लत होत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत त्याचा काळ धर.

गंमत अशी, की त्याची सगळ्यांत गाजलेली व्याख्या एका मासिकातल्या प्रश्नोत्तरातूनच आली. बर्लिनच्या मासिकात १७८३च्या डिसेंबरात झोल्नर नावाच्या पाद्र्याने लग्नविधी चर्चमध्येच झाला पाहिजे, असा लेख लिहिला. त्यात तळटीप टाकली: जो तो ज्ञानोदय ज्ञानोदय म्हणतो, पण तो म्हणजे काय, हे आधी कुणी सांगेल का? पुढच्या वर्षी मोझेस मेंडेल्सोन या जर्मन तत्त्वज्ञाने उत्तर दिलं, मग कांट या दुसऱ्या तत्त्वज्ञाने. कांट म्हणतो, माणसाने स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं म्हणजे ज्ञानोदय. इथला ‘अज्ञान’ कोर्टाच्या मराठीतला घे. वयात न आलेला, ज्याचे निर्णय पालक घेतात, तो अज्ञान. वयात आलेला तो सज्ञान. कांटचा जर्मन शब्द नेमका त्याच अर्थाचा आहे. पुस्तक माझ्यासाठी विचार करतं, पाद्री माझ्यासाठी पापपुण्य ठरवतो, वैद्य माझं पथ्य ठरवतो, मग मी कशाला डोकं चालवू? असं म्हणणाऱ्यांना त्याने चिमटा काढला आहे.

‘व्हॉल्तेर, रूसो, माँतेस्क्यू ही नावं परीक्षेपुरती पाठ केली होती. पुस्तकांनी समाज बदलतो यावर माझा विश्वास नाही. सामान्य माणसाच्या पदरात काय पडलं, ते सांगा.’
— एक निवृत्त वकील

वकीलसाहेब, नोकरीची पहिली कित्येक वर्षं मीही ही नावं फळ्यावर लिहून मोकळी होत असे. तुम्ही कोर्टातले, म्हणून तुम्हाला एक खटलाच सांगते.

फ्रान्समधलं तुलूझ शहर, १३ ऑक्टोबर १७६१ची रात्र. झाँ कालास हा साठी ओलांडलेला कापडव्यापारी. खाली दुकान, वर घर. घरात पाहुणा आला होता. जेवण झाल्यावर थोरला मुलगा मार्क-आंत्वान खाली गेला. पाहुणा निघाला तेव्हा दुकानात त्याचं प्रेत सापडलं. घरचे आधी म्हणाले, कुणीतरी मारलं. नंतर म्हणाले, गळफास घेतलेला होता. जबानी फिरवायचं कारण होतं: आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत रस्त्यावरून फरपटत नेण्याची शिक्षा तेव्हा असे.

कुटुंब प्रोटेस्टंट, शहर कट्टर कॅथलिक. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, की मुलगा कॅथलिक व्हायला निघाला होता म्हणून बापाने मारला. झालं, तोच आरोप. चर्चमध्ये जाहीरनामा वाचून लोकांना आवाहन केलं, की ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते सांगावं, ऐकीव असलं तरी चालेल.

आता पुराव्याचं गणित बघा. तेव्हाच्या कायद्यात दोन प्रत्यक्षदर्शी म्हणजे पूर्ण पुरावा आणि एक म्हणजे अर्धा. तुलूझच्या न्यायालयात त्याखालोखाल पाव आणि अष्टमांश पुरावेही चालत. तुमच्या यादीतल्या व्हॉल्तेर या फ्रेंच लेखकाने पुढे याची यथेच्छ टर उडवली: एका पोकळ वदंतेचे आठ प्रतिध्वनी जमवले की इथे पूर्ण पुरावा होतो! तुमच्या अशिलावर असं कुणी आठ ठिकाणांहून कुजबुज गोळा करून आरोपपत्र ठेवलं असतं, तर तुम्ही पहिल्या तारखेलाच ते फाडलं असतं. तिथे तेरा न्यायाधीशांपैकी आठांनी मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. कबुली आणि साथीदारांची नावं मिळावीत म्हणून कालासच्या घशात घागरींनी पाणी ओतलं. त्याने काही कबूल केलं नाही. १० मार्च १७६२ला त्याला चाकाला बांधून लोखंडी कांबीने हाडं मोडली. शेवटपर्यंत तो मी निर्दोष आहे हेच म्हणत होता.

बाकीच्या आरोपींचं काय केलं? एका मुलाला हद्दपार केलं, पाहुण्याला आणि मोलकरणीला सोडून दिलं. ही मोलकरीण श्रद्धाळू कॅथलिक होती, आणि घरातल्या दुसऱ्या एका मुलाच्या धर्मांतरात तिचाच हात होता. त्याला कुणी मारलं नव्हतं, हे न्यायाधीशांना सुचलंच नाही. व्हॉल्तेरने नेमकं बोट ठेवलं: साठीच्या पुढचा म्हातारा अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट मुलाला एकट्याने कसा लटकवेल? आणि एकट्याने नसेल, तर बाकीचे सुटले कसे?

व्हॉल्तेर तेव्हा स्वतः सदुसष्ट-अडुसष्टचा. आधी त्यालाही वाटलं होतं, बापाने मारलं असेल. मग जिनिव्हात कालासचा धाकटा मुलगा भेटला, त्याला खोदखोदून विचारलं आणि मत बदललं. मला तो इथे आवडतो. एरवी अहंकारी, पैशाला पक्का, ज्यूंविषयी लिहिताना तर त्याच्या विवेकाचा पत्ताच नसतो. पण इथे त्याने वकील लावले, पैसा उभा केला, पत्रकं छापली, कालासच्या विधवेला पॅरिसला पाठवलं. ९ मार्च १७६५ला कालासला मरणोत्तर निर्दोष ठरवलं, आणि राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

याच सुमारास, १७६४मध्ये, मिलानच्या चेझारे बेक्कारियाने ‘गुन्हे आणि शिक्षा’ या विषयावर निनावी पुस्तिका काढली. वय सव्वीस. त्याचं म्हणणं दोन ओळींत मावतं. गुन्हा सिद्ध झाला असेल, तर कायद्यातली शिक्षा द्या, यातना कशाला? सिद्ध झाला नसेल, तर तुम्ही निर्दोषाला छळताय. यातनेत दणकट बदमाश सुटतो आणि नाजूक निरपराध अडकतो. पोपच्या दरबाराने १७६६मध्ये पुस्तिकेवर बंदी घातली. पण १७७६मध्ये ऑस्ट्रियाने न्यायालयीन यातना बंद केल्या. फ्रान्सने कबुलीसाठीच्या यातना १७८०मध्ये थांबवल्या. टस्कनीच्या लिओपोल्डने १७८६मध्ये देहदंडच रद्द केला. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना १७८७मध्ये चर्चबाहेर कायदेशीर लग्न लावता येऊ लागलं. तोवर त्यांची मुलं कायद्याच्या लेखी अनौरस होती.

पुस्तकांवर तुमचा विश्वास नाही, ठीक. पत्रकांवर ठेवा. कोर्टाची कागदपत्रं बंद कपाटात असत, व्हॉल्तेरने खटला छापून लोकांपुढे मांडला. ‘पुरावा दाखवा’ हे राजाच्या न्यायाधीशाला विचारायची सवय लागली, ती नंतर कुणाला मोडता आली नाही.

‘या काळात बायका कुठे होत्या? फक्त दिवाणखान्यात?’
— एक वाचक

दिवाणखान्यातही होत्याच. पॅरिसला मादाम जोफ्रँ सोमवारी चित्रकारांना आणि बुधवारी लेखकांना जेवायला बोलवायची, आणि चर्चा भरकटली की दोन शब्दांत थांबवायची. पण एमिली द्यु शातले बघा. न्यूटनच्या मुख्य ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर तिने बाळंतपणाच्या तोंडावर, रात्री जागून पुरं केलं. १७४९च्या सप्टेंबरात, प्रसूतीनंतर काही दिवसांतच ती गेली. भाषांतर १७५९मध्ये पूर्ण छापलं गेलं. ओलँप द गूजने १७९१मध्ये विचारलं, की माणसाचे हक्क जाहीर केलेत, त्यात बाई कुठे आहे? दोन वर्षांनी तिला गिलोटिनवर चढवलं. सज्ञान होण्याची मुभा त्या विवेकवाद्यांनी सगळ्यांना दिली नव्हती.

‘राजेलोक या विचारांना कसे काय भुलले? यात त्यांचंच नुकसान नव्हतं का?’
— एक शिक्षक

सर, भुलले कमी, वापरले जास्त. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने १७४०मध्ये मॅकियाव्हेलीच्या कपटनीतीविरुद्ध पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी सायलेशियावर चढाई केली. रशियाच्या राणी कॅथरिनने फ्रेंच लेखक दिदरोचं ग्रंथालय विकत घेतलं, त्यालाच त्याचा पगारी ग्रंथपाल नेमलं. फार मोठ्या मनाची बाई! पण भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, होते तिथेच राहिले. खजिना भरायचा, फौज पोसायची, चर्च आणि सरदारांचे हक्क कापायचे, तर विवेकाची भाषा सोयीची पडते.

मनापासून पटलेला एकच, ऑस्ट्रियाचा दुसरा जोसेफ. १७८१मध्ये त्याने प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स प्रजेला धर्माचरणाची मोकळीक दिली, त्याच वर्षी बोहेमियातल्या भूदासांची वैयक्तिक बंधनं तोडली, १७८४मध्ये व्हिएन्नात मोठं सार्वजनिक रुग्णालय उघडलं. आणि त्याच वर्षी फर्मान काढलं, की लाकूड वाया घालवू नका, प्रेतं पोत्यात शिवून पुरा. त्यासाठी तळाला झडप असलेली शवपेटी वापरायची. खड्ड्यावर धरायची, झडप उघडली की प्रेत खाली, पेटी पुढच्यासाठी तयार. हिशेब बिनचूक होता. लोक इतके भडकले, की काही महिन्यांत फर्मान मागे घ्यावं लागलं.

व्हिएन्नाच्या राजघराण्याच्या तळघरात आईवडिलांची भलीमोठी, पुतळ्यांनी लगडलेली शवपेटी आहे. तिच्या पायथ्याशी जोसेफची आहे, तांब्याची, साधी. झडप मात्र नाही.