एकच गाढव, नऊ तोंडं

ताई, कुंभाराच्या गाढवाच्या गोष्टीचं पुस्तक तुम्ही मातीच्या मूर्तींचे फोटो काढून करताय, आणि तुमच्या दोन तक्रारी आहेत. ९ मूर्ती भाजून झाल्या, पण पानागणिक गाढव वेगळंच दिसतं; आणि फोटो मेलेले येतात. दोन्ही भोगून झालंय. माझ्या पुस्तकात शेळी होती, चौथ्या पानावर आई आणि सहाव्या पानावर तिचंच करडू वाटायची.

कारण माती. सुकताना आणि भाजताना मिळून साधारण १० टक्के आकसते असं धरा, म्हणजे २० सेंटिमीटरचं गाढव १८ चं होऊन बाहेर येतं. त्यात आपली काळी माती पाण्यानं जेवढी फुगते तेवढीच सुकताना आवळते. एका वेळी गाळाची जास्त, दुसऱ्या वेळी काळी जास्त, की मापं बिघडलीच. म्हणून अख्ख्या पुस्तकाची माती एकदाच मळायची आणि ओली असतानाच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची.

शिवाय धड दर वेळी हातानं घडवूच नका, साचा करा. एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन लामतुरे संग्रहालय बघून या. सातवाहन काळातल्या केओलिन या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांतून काढायचे, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा, आतून पोकळ. तेच करायचं, फक्त प्लास्टरमध्ये. साच्यातून धड काढलं की माती वाकण्याइतकी ओली असतानाच पाय दुमडायचे, पाठ झुकवायची. मुंडकं वेगळं. त्याला खाली खुंटी, धडाला भोक, आणि फोटोच्या वेळी थोडं मेण. एक धड, तीन मुंडकी एवढ्यात पाच-सहा पानं निघतात. पोकळीचा फायदा भट्टीतही होतो. माझी एक म्हैस भरीव होती, आतून ओली राहिलेली. वाफ धरली आणि फुटली, शेजारच्या दोन मूर्ती घेऊन गेली.

आणि भाजायची एवढी घाई कशाला? पुस्तकात फोटोच जाणार. कच्च्या, पूर्ण सुकलेल्या मूर्तीचाही फोटो झकास येतो. फक्त ओली माती गडद आणि सुकी फिकट दिसते, तेव्हा सगळ्या एकाच अवस्थेत टिपा. ठेवायच्या असतील तेवढ्याच मागाहून भाजा.

आता फोटो. तुम्ही पाठवलेले सगळे वरून घेतलेत, उभं राहून टेबलाकडे बघावं तसे. कॅमेरा गाढवाच्या गुडघ्याशी आणा. उजेड एकाच बाजूनं, खिडकीचा. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल टेकवला की सावली काळीठिक्कर पडत नाही. फ्लॅश बंद. अंगभर चकचकीत ग्लेझ नको, सगळी खिडकी पाठीवर दिसते. डोळ्यावर मात्र वार्निशचा एक थेंब द्या. त्या थेंबात उजेडाचा ठिपका पडला की गाढव बघायला लागतं! कानावर तुमच्या अंगठ्याचा ठसा दिसतोय तो पुसू नका, मला सगळ्यात तोच आवडला.

झाडांसाठी कडब्याची धाटं वापरा. जमिनीला वावरातली माती चालेल, पण मैद्याच्या चाळणीनं चाळून. नाहीतर साधा खडा फोटोत धोंडा दिसतो.

छपाईचं थोडक्यात: साडेआठ इंची चौकोनी पान असेल तर समोरासमोरची दोन पानं मिळून जोडपान १७ इंच, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ५१०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो. गाढवाचं तोंड दोन पानांमधल्या शिवणीत जाऊ देऊ नका आणि मजकुरासाठी आभाळ मोकळं सोडा. पानं ८ च्या पटीत धरा. हे सगळं आधी साध्या कागदाची घडी घालून पेन्सिलीनं काढून बघा. किती मूर्ती लागतात ते तिथंच कळतं. मी हे शेवटी केलं आणि चार शेळ्या फुकट गेल्या.

त्या ९ मूर्ती मात्र टाकू नका. एकमेकांसारख्या दिसत नाहीत ना? मग गोष्टीतला कुंभार माळेगावच्या जत्रेला गाढव घ्यायला गेलाय असं पान घाला आणि नऊच्या नऊ रांगेत उभी करा.