पुण्यातील पत्रकारितेचा अनुभव असताना इंग्लंडमध्ये माध्यमांत नोकरी कशी शोधावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील एका मराठी दैनिकात काही वर्षे आधी डेस्कवर आणि नंतर क्राइम बीटवर काम केल्यानंतर आपण पतीच्या नोकरीनिमित्त लेस्टरला आला आहात. व्हिसा डिपेंडंटचा आहे. ऑनलाइन पाठवलेल्या अर्जांना एक तर उत्तर येत नाही किंवा ठरावीक नकार येतो. आता इथे पत्रकारितेत पुन्हा एम.ए. करावे की हा व्यवसायच सोडावा, असा पेच आपल्यापुढे आहे. मी नाशिकहून इकडे आले, याच मिडलँड्स भागातल्या एका स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार आहे आणि नव्या उमेदवारांचे अर्ज अधूनमधून माझ्याकडेही वाचायला येतात, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी उत्तर देऊ शकेन. माझे मत आधीच सांगते. एम.ए. करू नका, लंडनच्या मोठ्या वृत्तपत्रांना अर्ज करणे काही महिने थांबवा आणि आपण जिथे राहता त्या शहराच्या बातम्या आजपासून लिहायला लागा.

व्हिसाच्या बाबतीत आपण बऱ्याच जणांपेक्षा सुस्थितीत आहात. स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाच्या (म्हणजे इथल्या कंपनीने नोकरीसाठी आणलेल्या माणसाच्या) जोडीदाराला व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक ही कामे सोडली तर जवळजवळ कोणतीही नोकरी करता येते, आणि फ्रीलान्स कामही करता येते. शिकायला आलेल्यांना ही मोकळीक नाही. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई असल्यामुळे मानधन घेऊन एक लेख लिहिणेसुद्धा नियमभंग ठरू शकते, आणि पदवीनंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची २ वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १८ महिन्यांवर येणार आहे. त्यानंतर कंपनीकडून स्पॉन्सरशिप, म्हणजे कामाच्या व्हिसासाठी लागणारे पुरस्कर्तेपण, मिळवायची तर जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड आहे. स्थानिक वृत्तपत्रातल्या शिकाऊ बातमीदाराचा पगार त्याच्या आसपासही नसतो. म्हणून आपल्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मला इथे काम करण्याचा पूर्ण अधिकार आहे, स्पॉन्सरशिपची गरज नाही’ असे स्पष्ट लिहा. भारतातला अनुभव आणि भारतीय नाव पाहून संपादक उलटे गृहीत धरण्याची शक्यता असते आणि अर्ज तिथेच बाजूला पडतो. आपला व्हिसा पतीच्या नोकरीला बांधलेला आहे, हेही मात्र मनात असू द्या.

आता सीव्ही. छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, शाळेतले गुण हे सगळे काढून टाका; इथे ते कोणी मागत नाही. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की आपल्या बातम्या मराठीत आहेत आणि समोरच्याला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. ‘५ वर्षांचा अनुभव’ या शब्दांपलीकडे त्याच्या हाती काहीच लागत नाही. आपल्या सर्वोत्तम ३ बातम्या निवडा, त्यांचा इंग्रजी अनुवाद स्वतः करा आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहा: माहिती कुठून मिळवली, कागद कोणता होता, छापून आल्यावर काय घडले. दहा पुरस्कारांच्या यादीपेक्षा या सहा ओळी जास्त काळजीपूर्वक वाचल्या जातात.

खरी दरी कायद्याच्या ज्ञानाची आहे, आणि क्राइम बीटवरून आलेल्या माणसाला ती सर्वांत जास्त अडते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या गुन्हेवृत्तातले हे नेहमीचे वाक्य घ्या: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ इंग्लंडमध्ये ते छापले तर संपादकाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते. १९८१ च्या कंटेम्प्ट ऑफ कोर्ट (न्यायालयाचा अवमान) कायद्यानुसार एखाद्याला अटक झाली की ते प्रकरण ‘ॲक्टिव्ह’ मानले जाते, आणि तेव्हापासून न्यायनिवाड्याला गंभीर बाधा येण्याचा मोठा धोका निर्माण करणारा मजकूर छापणे हा न्यायालयाचा अवमान ठरतो. तसा हेतू नव्हता, ही सबब चालत नाही. आरोपीची जुनी प्रकरणे, कथित कबुलीजबाब, शेजाऱ्यांनी सांगितलेला स्वभाव, म्हणजे आपल्याकडच्या बातमीचा निम्मा मजकूर, निकालापर्यंत बाहेर ठेवावा लागतो. त्यातच २०२२ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात असे ठरवले की, तपास सुरू असलेल्या पण आरोप न ठेवलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते. त्यामुळे नुसत्या संशयिताचे नाव छापणेही जोखमीचे झाले आहे. लैंगिक गुन्ह्यातील तक्रारदाराची ओळख तर आजन्म गुप्त ठेवावी लागते. हे बंधन मात्र आपल्याला भारतातल्या कायद्यामुळे परिचित असेल.

इतका कडकपणा का, याचे उत्तर ज्युरीत आहे. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात त्या क्राउन कोर्टात दोषी की निर्दोष हे १२ सामान्य नागरिक ठरवतात, आणि ते आपल्यासारखीच वर्तमानपत्रे वाचतात. मराठी वाचकाला हे समजावायला नानावटी खटल्याइतके चांगले उदाहरण नाही. १९५९ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने मोहीम चालवली होती, मुंबईतल्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाला तो निर्णय फिरवावा लागला. भारतातून पुढे ज्युरीच गेली. इथे ती राहिली आणि तिच्याबरोबर वृत्तपत्रांवरचा लगामही राहिला. मुलाखतीत हा विषय हमखास निघतो. ‘अटक झाल्यावर तुम्ही काय छापाल आणि काय नाही?’ या प्रश्नाला नीट उत्तर देणारा परदेशी उमेदवार संपादकाला एकदम भरवशाचा वाटू लागतो.

हे पुस्तकातून शिकण्याबरोबरच प्रत्यक्ष पाहता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. लेस्टरचे मॅजिस्ट्रेट्स कोर्ट, म्हणजे खालचे फौजदारी न्यायालय, पॉकलिंग्टन्स वॉकवर आहे. तिथे सुनावणी ऐकायला कोणीही बसू शकते; ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे यांना मात्र सक्त मनाई आहे. सकाळी जा, मागे बसा, नाव, वय, पत्ता, आरोप, कबूल की नाकबूल, शिक्षा एवढे टिपा आणि घरी येऊन २०० शब्दांत बातमी लिहा. नंतर तीच सुनावणी स्थानिक वृत्तपत्राने कशी लिहिली आहे, तिच्याशी आपली ताडून पाहा. इथला इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, एका वाक्याचा, साधारण २५ शब्दांचा असतो. डेस्कवर काम केलेल्या माणसाला ती शिस्त लवकर अंगवळणी पडते.

काउन्सिल, म्हणजे इथली महापालिका, ही दुसरी जागा, आणि माझ्या मते जास्त फलदायी. सिटी काउन्सिलचे कार्यालय चार्ल्स स्ट्रीटवर सिटी हॉलमध्ये आहे. बैठकीच्या किमान ५ पूर्ण दिवस आधी कार्यक्रमपत्रिका आणि अधिकाऱ्यांचे अहवाल प्रसिद्ध करावे लागतात, बैठकीला कोणालाही बसता येते, आणि २०१४ च्या नियमांपासून जनतेला तिथे चित्रीकरण करण्याचीही मुभा आहे. प्रत्यक्ष बैठक बहुधा कंटाळवाणी असते. बातमी त्या अहवालांत दडलेली असते. एक नमुना देते. नियोजन समितीसमोर एखादे साधे घर एचएमओ करण्याचा अर्ज येतो, म्हणजे खोल्या पाडून ते वेगवेगळ्या भाडेकरूंना द्यायचे. लेस्टरच्या काही भागांत अशा बदलाला मुद्दाम परवानगी घ्यावी लागते. अर्जावर कंपनीचे नाव असते. ते नाव कंपनीज हाउसच्या, म्हणजे सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर टाकले की तिचे संचालक आणि त्यांच्या इतर कंपन्या विनामूल्य दिसतात, आणि लँड रजिस्ट्रीतून (जमीन-मिळकतींच्या सरकारी नोंदणीतून) काही पौंडांत मिळकतीच्या मालकाचा उतारा मिळतो. एकाच माणसाची रस्त्यावरची अनेक घरे अशी बाहेर येतात. अशा घरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांत आपले मराठी विद्यार्थीही असतात आणि ते आपल्याशी मराठीत मोकळेपणाने बोलतील. ही गोष्ट इथल्या बातमीदाराला सहज जमणारी नाही.

माहिती अधिकाराची सवय असेल तर तीही कामाला येते. इथला कायदा २००० सालचा आहे, उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस, अर्जाला सहसा शुल्क नाही, आणि अर्जदार ब्रिटिश नागरिक असण्याचीही अट नाही. आपल्याकडे हा अधिकार फक्त नागरिकांना आहे, त्यामुळे अनेक भारतीयांना इथे आपण अर्ज करू शकतो हेच ठाऊक नसते.

अशा दोन-चार बातम्या हाताशी आल्या की नोकरीचा अर्ज न करता बातमी घेऊन स्थानिक संपादकाकडे जा. ईमेल १५० शब्दांपेक्षा मोठा नको. ‘लेस्टरमधील भारतीय समाजावर लिहायला आवडेल’ या वाक्याला उत्तर येत नाही. ‘अमुक कंपनीने अमुक वॉर्डात एवढी घरे एचएमओ केली आहेत, कागद माझ्याकडे आहेत, दोन भाडेकरू नावानिशी बोलायला तयार आहेत’ याला येते. मानधन आधी लेखी ठरवून घ्या. पैसे थकले तर १९९८ च्या उशिरा देयक कायद्याखाली मूळ बँक दरावर ८ टक्के व्याज मागता येते. नुसता त्याचा उल्लेख केला तरी लेखा विभागाला जाग येते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात अशी एकूण जमा १,००० पौंडांवर गेली, तर त्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याकडे स्वयंरोजगाराची नोंद करावी लागते. फुकट राबवून घेणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. आठवडा-दोन आठवड्यांचा ‘वर्क एक्सपिरियन्स’ ठीक. महिनोन्‌महिने बिनपगारी बातमीदारी करून घेणे किमान वेतन कायद्यात बसत नाही.

पूर्णवेळ जागांसाठी ‘होल्ड द फ्रंट पेज’ हे संकेतस्थळ पाहत जा. प्रादेशिक वृत्तपत्रांच्या जाहिराती तिथे येतात. लोकल डेमॉक्रसी रिपोर्टिंग सर्व्हिसवर विशेष लक्ष ठेवा. बीबीसीच्या पैशातून देशभर सुमारे १६५ बातमीदार स्थानिक वृत्तसंस्थांमध्ये नेमलेले आहेत आणि त्यांचे काम काउन्सिलच्या कारभारावर नजर ठेवण्याचे आहे. वर सांगितलेला अभ्यास थेट याच जागांसाठी उपयोगी पडतो.

मराठीचा इथे किती उपयोग, असेही आपण विचारले आहे. खरे सांगायचे तर नोकरी मिळण्यासाठी थोडाच. बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली, तिचे काम भारतातूनच चालते आणि २०२४ पासून ते कलेक्टिव्ह न्यूजरूम या स्वतंत्र भारतीय कंपनीकडे आहे. लंडनमध्ये मराठी डेस्क शोधत बसू नका. मराठी दैनिकांसाठी इथून लिहिण्यात आनंद आहे, घरभाडे त्यातून निघत नाही. मात्र लेस्टरची गोष्ट जरा वेगळी आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार शहरातील ३४ टक्क्यांहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत, आणि २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे हिंदू-मुस्लिम तणाव उसळला तेव्हा खोट्या संदेशांचा सुळसुळाट झाला होता. मूळ संदेश वाचून त्यातले खरे-खोटे करणारा, दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांत चहाला बसू शकणारा बातमीदार अशा वेळी अमूल्य असतो. त्यासाठी आपले हिंदी कामाला येईल, आणि गुजराती वाचता-बोलता येण्याइतके शिकून घ्या. मराठी माणसाला ते जड नाही. फक्त ‘समाजाची बातमीदार’ एवढ्याच चौकटीत स्वतःला बसवू देऊ नका, नाहीतर दिवाळी आणि नवरात्र सोडून आपली आठवण कोणाला येणार नाही.

शेवटी एम.ए. परदेशी विद्यार्थ्यांची फी भरून वर्षभराने हाती पडणारी पदवी आपल्याकडे आधीच आहे, आणि शिकाऊ बातमीदाराचा पगार किमान वेतनाच्या फार वर नसतो, त्यामुळे हा खर्च भरून यायला फार वर्षे लागतील. त्याऐवजी एनसीटीजेचा (नॅशनल कौन्सिल फॉर द ट्रेनिंग ऑफ जर्नलिस्ट्स) पत्रकारिता डिप्लोमा पाहा. ही संस्था १९५१ पासून इथल्या बातमीदारांच्या परीक्षा घेते, दूरशिक्षणाने अभ्यास करता येतो, आणि माध्यम कायदा व स्थानिक प्रशासन हे विषय आपल्याला नेमके हवे तेच आहेत. टीलाइन शॉर्टहँड, म्हणजे इथल्या बातमीदारांची लघुलिपी, सर्वत्र सक्तीचे उरलेले नाही, पण न्यायालयात रेकॉर्डर चालत नसल्यामुळे मिनिटाला १०० शब्दांचा वेग असलेल्या उमेदवाराला अजूनही मान आहे. व्यवसाय सोडण्याचा प्रश्न राहिला तर काउन्सिल, रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्या जनसंपर्क विभागांत बातमीदारांना चांगली मागणी आहे आणि पगारही बहुधा बरा असतो. माझे अनेक सहकारी तिकडे गेले. ती वाट वर्षभराने धरली तरी चालेल. आधी सिटी काउन्सिलच्या नियोजन समितीची पुढची बैठक कधी आहे ते पाहा आणि तिची कागदपत्रे उतरवून घ्या.